जुना नंबर जगाला, नवा घरच्यांना

दुसरा नंबर घ्यायचा तो फॉर्मवर लिहायला, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. नवं सिम आणायचं, जिथे जिथे नंबर मागतील तिथे तो नवा नंबर टेकवायचा आणि जुना 'खासगी' म्हणून जपायचा. माझीही सुरुवात अशीच झाली. दोन महिन्यांनी पाहिलं तर नव्या नंबरवर शुकशुकाट आणि जुन्यावर फोनांचा मारा जसाच्या तसा. यात नवल काही नाही. वर्षानुवर्षं वापरलेला नंबर ज्या याद्यांमध्ये एकदा गेला, तिथून तो परत येत नसतो. याद्या हातोहात विकल्या जातात, आणि आपण आता सावध झालो आहोत हे विकत घेणाऱ्याला कोण सांगणार? तेव्हा उलटं करावं लागतं. बदनाम झालेला जुना नंबर फॉर्मसाठी सोडून द्यायचा आणि कोरा नंबर घरचे, कामाची माणसं आणि बँक यांना द्यायचा. यात कष्ट जास्त आहेत, कारण सगळीकडे नंबर बदलत फिरावं लागतं. पण फरक पडतो तो असं केल्यावरच.

सिम आणायच्या आधी एक काम करून घ्यावं. चौदा दिवस येणाऱ्या प्रत्येक अनोळखी फोनची एका वहीत नोंद ठेवायची. रकाने चारच: वेळ, विषय, समोरच्याने नाव घेतलं का, आणि घेतलं तर कोणतं. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. नावासकट आलेला फोन म्हणजे नंबर कुठल्या तरी यादीतून गेलेला आहे. नाव न घेता आलेला फोन बहुधा यंत्राने ओळीने नंबर फिरवताना लागलेला असतो. शेवटी ४१ झाला की ४२, मग ४३. अशा फोनवर दुसऱ्या नंबरचा काडीचा उपयोग नाही, कारण त्या यंत्राला तुमचा नवा नंबरही तितकाच सापडतो. नोंदीत निम्म्याहून जास्त फोन बिननावी निघाले तर नवं सिम आणण्यापेक्षा फोनमधली अनोळखी कॉल गाळण्याची सोय चालू करणं बरं.

या नोंदी ठेवताना एक आवाज ओळखीचा होऊन जातो. आपण 'हॅलो' म्हणतो, दोन सेकंद काहीच नाही, मग बारीकसा 'टक्' आणि त्यामागून दहा-वीस जण एकदम बोलत असल्याचा गलका. कॉल सेंटरमधलं यंत्र हाताशी असलेल्या माणसांपेक्षा जास्त नंबर एकाच वेळी लावतं, कारण सगळे काही उचलणार नाहीत हा त्याचा हिशेब असतो. कुणी उचललं की मोकळ्या माणसाकडे फोन वळवायचा, त्यात ते दोन सेकंद जातात. कुणीच मोकळं नसेल तर फोन कटतो. म्हणजे कटलेला फोन हा दर वेळी भुताटकीचा प्रकार नसतो, पण 'इथे माणूस उचलतो' एवढी नोंद मात्र त्यांच्याकडे झालेली असते. एकच रिंग देऊन तुटणारे परदेशी नंबर वेगळे. जपानीत त्या प्रकाराला वांगिरी म्हणतात, म्हणजे 'एक वाजवून कट'. तिथे उलटा फोन केला की महागड्या दराच्या लाइनवर मिनिटं मोजली जातात. त्यांना परत फोन करायचा नाही, एवढाच उपाय.

आता नंबर कोणता घ्यायचा. इंटरनेटवरून चालणारे ॲपमधले नंबर झटपट मिळतात आणि सिमची भानगड नसते, पण इथे ते बाद. आपण नवा नंबर बँकेला देणार आहोत, आणि नंबर मोबाइलचा आहे, लँडलाइनचा आहे की इंटरनेटवरचा, हे सेवा देणाऱ्या कंपन्यांना तपासता येतं. इंटरनेटवरचा निघाला की बऱ्याच बँका तो घेतच नाहीत. शिवाय काही महिने न वापरल्यास असे नंबर काढून घेतले जातात. ज्या साइटवर फुकटचे नंबर आणि त्यांवर आलेले एसएमएस सगळ्या जगाला दिसतात, तिथल्या नंबरवर ओटीपी मागवणं म्हणजे घराची किल्ली चौकात टांगून ठेवणं. राहतात दोन पर्याय: प्लास्टिकचं सिम किंवा ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं आणि कोड स्कॅन करून चालू होणारं सिम. फोनमध्ये दोन खाचे असतील तर मी साधं सिमच सुचवेन. फोन पडला, फुटला, पाण्यात गेला तर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिमचा क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. हँडसेट मेला की नव्याने मागणी करावी लागते, आणि ती मागणी पक्की करायला ओटीपी त्याच बंद पडलेल्या नंबरवर येतो, असेही प्रसंग येतात. फोन रीसेट करताना 'ई-सिमही पुसायचं का' असं विचारणारी एक ओळ येते. घाईत तिथे 'हो' दाबलं जातं, तेवढं जपावं.

सिम चालू झालं की नंबर लगेच कुणाला देऊ नये. कोरा म्हणून मिळालेला नंबर कोरा असतोच असं नाही. बंद पडलेले नंबर काही काळ बाजूला ठेवून पुन्हा वाटले जातात. अमेरिकेत हा काळ कमीत कमी ४५ दिवसांचा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली तिथल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले, तेव्हा त्यांतले १७१ नंबर मोठमोठ्या साइटवरच्या आधीच्या कुणाच्या तरी खात्यांना जोडलेले निघाले. म्हणून नव्या सिमला दोन आठवडे परीक्षेवर ठेवायचं. आवाज बंद, कुणाला सांगायचं नाही, फक्त काय येतं ते बघायचं. पहिल्याच दिवशी जुन्या नंबरच्या व्हॉट्सॲपवरून नव्या नंबरशी संवाद उघडून पाहावा. अनोळखी चेहरा दिसला तर आधीच्या मालकाचं खातं अजून जिवंत आहे. त्याने तिथे सहा आकडी पिन लावलेला असेल तर त्या नंबरवर आपलं खातं उघडायला सात दिवस थांबावं लागतं. दोन आठवड्यांत तिसऱ्याच कुणाच्या नावाने बँकेचे संदेश, हप्ता थकल्याचे इशारे, शाळेच्या सूचना येऊ लागल्या तर हट्ट न करता नंबर बदलून घ्यावा. नंबर अजून कुणालाच दिलेला नसतो, म्हणून या वेळी बदलणं फुकटात पडतं. थकबाकी वसुलीचे फोन येणारा नंबर तर मुळीच ठेवू नये. 'तो मी नव्हेच' हे दर महिन्याला नव्या माणसाला पटवत बसावं लागतं.

परीक्षा पार पडली की स्थलांतर. इथे क्रम चुकला की अडकायला होतं. बहुतेक ठिकाणी नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर ओटीपी येतो आणि मग नव्यावर, म्हणून दोन्ही सिम एकाच वेळी चालू हवीत. सगळ्यात आधी ईमेल. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच परत मिळवता येतात, तेव्हा तिथला नंबर आणि पर्यायी ईमेल दोन्ही ताजे करून घ्यायचे आणि आणीबाणीसाठी मिळणारे कोड कागदावर उतरवून ठेवायचे. मग बँक. काही बँका नंबर बदलल्यावर थोडा काळ मोठे व्यवहार रोखून धरतात, त्यामुळे मोठी रक्कम भरायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. दोन बँका असतील तर दोन्हीकडचा नंबर एकाच दिवशी बदलू नये. एकीकडे काही अडलं तर दुसरीकडून पैसे निघायला हवेत. बँकेनंतर विमा, कर, सरकारी ओळखपत्रं, दवाखाना, मुलांची शाळा. यातल्या विम्याचा विसर हमखास पडतो, कारण तिकडून संदेश वर्षातून एकदाच येतो. म्हणूनच जुनं सिम कमीत कमी तेरा महिने हलवायचं नाही. वर्षातून एकदा बोलणारे सगळे त्या मुदतीत एकदा तरी बोलून जातात, आणि कुणाकडे नंबर बदलायचा राहिलाय ते आपोआप कळतं.

जिथे शक्य असेल तिथे मी नंबर बदलण्याऐवजी काढूनच टाकला आणि कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने खातं उघडण्याची सोय) लावली. सुरक्षेसाठी म्हणून दिलेला नंबर सुरक्षेपुरताच राहील याची खात्री नसते. ट्विटरने लोकांनी खात्याच्या सुरक्षेसाठी दिलेले फोन नंबर आणि ईमेल जाहिराती नेमक्या माणसांना दाखवण्यासाठी वापरले, आणि त्याबद्दल २०२२ मध्ये कंपनीला अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरावा लागला. नंबर जिथे नाहीच, तिथून तो गळत नाही.

व्हॉट्सॲपचं काय करायचं, यावर मतभेद होतात. नंबर बदलण्याची सोय ॲपमध्येच आहे. गप्पा आणि ग्रुप सगळं नव्या नंबरवर येतं, आणि कुणाकुणाला कळवायचं तेही निवडता येतं. माझं मत मात्र हे की व्हॉट्सॲप जुन्या नंबरवरच राहू द्यावं. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये आपला नंबर दोनशे फोनांत दिसतो, त्यातले निम्मे लोक आपल्याला ओळखतही नाहीत. कोऱ्या नंबरचा कोरेपणा एका सोसायटीच्या ग्रुपमध्ये संपतो. घरच्यांसाठी नव्या नंबरवर वेगळं खातं हवंच असेल तर २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती चालतात. फक्त जुनं सिम मरू द्यायचं नाही, कारण ॲप कधीही पुन्हा पडताळणी मागू शकतं.

नंबर फुटण्याची दुसरी वाट आपल्या हातात नाही. आपण नंबर फक्त पंधरा जणांना दिला, पण त्या पंधरा जणांच्या फोनमधली ॲप त्यांची सगळी संपर्कयादी उचलतात. फेसबुकचे सुमारे ५३ कोटी लोकांचे नंबर २०२१ मध्ये उघड्यावर आले, त्यामागेही संपर्कयादी चढवण्याचीच सोय होती. नंबरांच्या लांबलचक याद्या चढवायच्या आणि कोणता नंबर कुणाचा निघतो ते उतरवून घ्यायचं, असा तो उद्योग होता. तेव्हा नवा नंबर घरच्यांनाही देताना 'माझं पूर्ण नाव, हुद्दा, कंपनी असं काही लिहून सेव्ह करू नका, नुसतं काका किंवा ताई पुरे' एवढं सांगून ठेवावं. सगळे ऐकतात असं नाही. पण फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये 'ताई' एवढंच दिसलं तर विक्रेत्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

यानंतर फोनमधल्या सेटिंग. दोन्ही सिमना आधी नावं द्यावीत. 'घर' आणि 'बाहेर' ही सगळ्यात सुटसुटीत. जिथे सोय आहे तिथे रिंगटोनही वेगवेगळे ठेवावेत. मग येते ती चूक, जी सगळेच करतात. कुरिअरवाल्याचा मिस्ड कॉल 'बाहेर'वर येतो, आपण घाईत उलटा फोन लावतो आणि तो जातो 'घर'वरून. नंबर त्याच्या फोनमध्ये उमटला, म्हणजे सहा आठवड्यांची मेहनत एका बोटाने गेली. म्हणून बाहेर जाणाऱ्या फोनसाठी 'दर वेळी विचारा' हा पर्याय लावायचा, किंवा मुळातली लाइन म्हणून 'बाहेर' ठेवायची आणि घरच्या प्रत्येक संपर्कापुढे 'घर' नेमून द्यायचं. दुसरा प्रकार लावायला अर्धा तास लागतो, पण नंतर विचार करावा लागत नाही. एसएमएस पाठवतानाही कोणती लाइन निवडली आहे ते एकदा बघायचं.

दोन सिमच्या फोनबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. बहुतेक हँडसेटमध्ये दोन्ही सिम वाट पाहत उभी असतात, पण बोलायला एकच उभं राहू शकतं. एका लाइनवर बोलणं चालू असताना दुसरीवर कुणी फोन केला तर त्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. वायफाय कॉलिंग चालू असेल किंवा बोलताना इंटरनेट दुसऱ्या सिमवर जाऊ देण्याची परवानगी असेल तर काही फोनांत हे टळतं. 'बाहेर'वर अर्धा तास ग्राहकसेवेची सनई ऐकत बसल्यावर घरचा फोन लागत नाही, तो यामुळे.

जुनी लाइन गप्प कशी करायची? कॉल फॉरवर्ड करून नव्या नंबरवर वळवणं ही पहिली सुचणारी आणि सगळ्यात वाईट युक्ती; गाळ इकडचा तिकडे झाला एवढंच. फॉरवर्ड आधीपासून लागलेलं आहे का, हे *#२१# लावून बघता येतं आणि ##००२# लावून सगळं काढता येतं. हे कोड जीएसएमचे आहेत आणि बहुतेक नेटवर्कवर चालतात. फोनवर बोलणारा कुणी * या खुणेने सुरू होणारा कोड आणि त्यापुढे दहा-बारा आकडे लावायला सांगत असेल तर तो आपले फोन स्वतःकडे वळवून घेतोय, हे ओळखून फोन ठेवावा. मी 'बाहेर'चा रिंगटोन नि:शब्द ठेवला, एसएमएसची सूचना चालू ठेवली आणि संध्याकाळी एकदा मिस्ड कॉल चाळायचे असं ठरवलं. सामान घरी यायचं असेल त्या दिवसापुरता आवाज चालू. लाइन साफ बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण बंद लाइनवरचा ओटीपी नेटवर्कपाशी थांबतो आणि लाइन चालू होईपर्यंत शिळा होतो. जुनं सिम बटणांच्या फोनमध्ये घालून खणात टाकणारेही आहेत. त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात: टूजी-थ्रीजी बंद झालेल्या भागात तो फोन नुसता खेळणं आहे, आणि कायम चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी फुगते.

'घर'वर मात्र अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय लावायची नाही. अपघात झाला, मूल शाळेत पडलं, तर फोन अनोळखी नंबरवरूनच येणार. ही लाइन वाजली की न बघता उचलता यावी, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

सांभाळायला लागतं ते जुन्या सिमला. वापर नाही, रिचार्ज नाही, असं काही महिने गेलं की नंबर जातो आणि कालांतराने तो दुसऱ्याला मिळतो. त्यावर टांगलेली आपली विसरलेली खाती मग त्याच्या ओटीपीने उघडतात. महिन्यातून एकदा त्यावरून एक फोन आणि एक एसएमएस करायचा, कॅलेंडरमध्ये तशी आठवण लावायची. दोन्ही सिमना पिनही लावावा. आधी कंपनीचा मूळ पिन माहीत करून घ्यावा, अंदाजाने मारू नये: तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडणारा कंपनीचा कोड) मागतं आणि दहादा पीयूके चुकला की सिम कायमचं निकामी.

शेवटचा भाग खुणांचा. जुना नंबर फॉर्मवर देताना नावात दर ठिकाणी छोटा फरक ठेवावा. एका ठिकाणी नुसतं आडनाव, दुसरीकडे मधलं आद्याक्षर चुकीचं, तिसरीकडे नावाचं जुनं स्पेलिंग. कोणता फरक कुठे, हे त्याच वहीत. ओळखपत्र जोडावं लागतं तिथे हा खेळ करू नये, नावं जुळत नाहीत म्हणून काम अडतं. बाकी ठिकाणी चालतं. मग एके दिवशी विमा विकणारा माणूस चुकीच्या आद्याक्षरासकट हाक मारतो, आणि गळती कुठून झाली ते वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून सांगता येतं. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याखाली आपली माहिती पुसून टाकायला लावता येते, तशी सोय जिथे असेल तिथे हा पुरावा घेऊन लिहावं.

नव्या नंबरवरही कधी ना कधी पहिला नकोसा फोन येतोच. तो आला की घाबरून तिसरं सिम आणायला निघू नये. 'कोण हवंय?' एवढंच विचारावं. समोरून नाव आलं नाही, नुसतंच 'सर, दोन मिनिटं' आलं, तर यंत्राने नंबर फिरवला होता. ब्लॉक करायचं आणि विसरायचं. नाव आलं तर वही काढायची आणि नवा नंबर दिलेल्या ठिकाणांची यादी वाचायची. ती यादी एका पानाच्या पुढे गेलेली नसेल, तर शोधायला फार वेळ लागत नाही.